कोयता, मासळीची सुरी, भाजीची सुरी: मुठीला काय वापरावं आणि भाव कसा लावावा?

पाटाघण (कुडाळ)

कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या) लोखंडातून हाताने तीन प्रकारचा माल करतो. नारळ-कलमांसाठी कोयता (पातं साधारण १० इंच), मासळी कापायची सुरी (६ इंच) आणि घरातली भाजीची सुरी (५ इंच). पात्यांना पाणी देणं (तापवून कडक करणं), धार याबद्दल कुणाची तक्रार नाही. भानगड सगळी मुठीची आहे.

कोयत्याला शेपूट (पात्याचा मुठीत जाणारा भाग) आत जाणारी गोल मूठ आणि पुढे पितळी शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडावरचं कडं. दोन्ही सुऱ्यांना शेपूट मुठीएवढी रुंद, दोन बाजूंना लाकडाच्या फाकी आणि तीन खिळे. आत्तापर्यंत सागाचे तुकडे वापरले, कारण सुतारांकडे सहज मिळतात. एप्रिल-मेमध्ये दिलेल्या सुऱ्यांची फाक श्रावणापर्यंत लोखंडाच्या बाहेर आलेली असते, बोटाला कड लागते. उलट पावसाळ्यात केलेल्या मुठी शिमग्याच्या सुमारास खुळखुळतात. मासळीवाल्यांच्या सुऱ्यांत खिळ्याभोवती लाकूड काळं पडून फाटतं.

तर:
कोणत्या कामाला कोणतं लाकूड, की लाकूड सोडून दुसरं काही?
आणि वेगवेगळ्या मुठींना वेगळा भाव लावायचा तर कोणत्या हिशेबाने? सध्या कोयता ४५०, मासळीची सुरी ७००, मूठ कुठलीही असो.

---

शेंबी (सावंतवाडी)

लाकूड कुठलं हा प्रश्न दुसरा. लाकूड किती सुकलंय, हा पहिला. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी दोन निव्वळ ओलीच्या आहेत, त्यात सागाचा दोष नाही.

हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपोआप १२ टक्के ओलीवर येऊन थांबतं. ९० टक्के असेल तर २० च्या आसपास जातं. आपल्याकडे जुलैत दुसरी परिस्थिती, जानेवारीत दुपारी पहिलीपेक्षाही कोरडी. साग आडवा सुमारे साडेपाच-सहा टक्के आकसतो, पण तो पूर्ण ओला ते ओव्हनमध्ये कोरडा या पल्ल्यात. १२ वरून २० वर येताना त्यातला चौथा हिस्सा धरा, म्हणजे दीड टक्का. ३० मिमी रुंद फाकीवर हा जवळपास अर्धा मिमी झाला. बोटाला लागणारी कड ती हीच. हे शून्यावर आणता येत नाही, निम्म्यावर आणता येतं. त्याला दोन गोष्टी लागतात.

पहिली, ओल मधोमध धरा. मूठ बसवताना लाकूड १३-१४ टक्क्यांवर असेल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलेल. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅम मोजणारा काटा पुरतो. त्याच फळीच्या मधला (टोकाचा नको, टोक आधी सुकतं) ५०-६० ग्रॅमचा तुकडा कापा, वजन लिहा, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने मोजा. आधीच्या वजनातून कोरडं वजन वजा करा, उरेल त्याला कोरड्या वजनाने भागा, शंभरने गुणा. ५७ ग्रॅमचा तुकडा ५० वर थांबला तर ओल १४ टक्के. हा तुकडा फेकायचा, मुठीला वापरायचा नाही.

दुसरी, फाक चिरतानाची दिशा. टोकाकडून बघितलं की वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या फाकीच्या रुंद तोंडाला काटकोनात उभ्या हव्यात. अशी फाक रुंदीत जवळपास निम्मीच फुगते. रेषा रुंदीला समांतर असतील तर फुगणार आणि वर वाकणारही. सुताराकडच्या कातरणीतून उचलताना बहुतेकजण रंग बघतात, टोक बघत नाहीत.

पावसाळ्यात काम थांबवायचं नसेल तर जुन्या लाकडी पेटीत किंवा पत्र्याच्या कपाटात ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा, वर-खाली दोन-दोन भोकं, फाकी जाळीवर. दहा-बारा दिवसांत फाकी १३-१४ वर येतात, त्यासुद्धा आधी वर्षभर सावलीत सुकलेल्या असतील तरच. ताजं ओलं लाकूड असं सुकवलं तर टोकं फाटतात. ओल्या ओंडक्याचा ठोकताळा जुनाच: एक इंच जाडीला एक वर्ष, टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासून.

आता जाती. कोयत्याला झटका सोसणारं लाकूड हवं, कडकपणा त्यानंतर. चिंचेचा गाभा, बाभूळ, धामण ही घणा-कुऱ्हाडीच्या दांड्यांची लाकडं आहेत, कोयत्यालाही तीच. खैर फार जड आणि टिकाऊ, पण त्यात टॅनिन भरपूर; ओल मिळाली की लोखंडाशी लागून काळं पडतं आणि शेपटीला गंज लवकर धरतो. खैर वापरायचा तर शेपूट पूर्ण इपॉक्सीत (अरल्डाइटसारखा दोन भाग मिसळून लावायचा गोंद) बुडलेली हवी, लोखंडाचा एक मिमीही लाकडाला उघडा टेकता कामा नये. ऐन, बाभूळ यांचंही थोडंफार तसंच. मासळीच्या सुरीतलं तुमचं काळं लाकूड हे लोखंडी खिळ्यामुळे आहे, त्यावर हर्णैचे खाडीकाठ लिहितीलच.

भाजीच्या सुरीला फणस उत्तम. हलका, पिवळा, धारेचं काम सोपं, कीड कमी. वर्षभरात तपकिरी होतो हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर "रंग गेला" म्हणून परत येतो. शिवण हलकी आणि फारशी हलत नाही, पण मऊ. सुरीला चालेल, कोयत्याला नाही. आंब्याला हात लावू नका. पाणी पितो, काळा पडतो, भुंगा लागतो. सुरू जड आणि कडक असतो, किनाऱ्यावर फुकट पडलेला मिळतो, पण सुकताना इतका फाटतो की दहातले चार तुकडे हाती लागले तर नशीब. माडाच्या जुन्या खोडाचा बुंध्याकडचा बाहेरचा काळा भाग देखणा असतो आणि शहरी गिऱ्हाईक त्यावर खूश होतं. पण त्यातली सिलिका कानस-करवतीची धार खाते, आणि बाहेरचे दोन-अडीच इंच सोडले तर आतला गाभा भुसभुशीत. भेरली माडाचं तेच, वर कुसळं.

तोडीचा कायदाही ध्यानात ठेवा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, चिंच, फणस, आंबा, जांभूळ हे सगळे आहेत. आपल्या बागेतलं झाड असलं तरी तोडायला परवानगी. म्हणून सॉ-मिलमधली कातरण पावतीसकट घ्या. मुठीला लागतं किती? १२५ × ३५ × १० मिमीच्या दोन फाकी.

---

बागायतदार (वेंगुर्ला)

कोयत्याक पेरूची नायतर चिकवाची मूठ घाला. बागेत छाटणी होताच, फांदी फुकट मिळता, कायद्याच्या यादीत पण नाय. मनगटाएवढी सरळ फांदी घ्यायची, साल काढून सावलीत ठेवायची, एक वर्स बघू नको. गाठ मुठीत येता नये. माणग्याची मूठ पण चलता, भरीव आसता, पण तीन वर्सांची काठी व्हयी आणि पाऊस संपल्यावर तोडलेली. कवळी काठी घातलास तर भुंगो भुसो पाडता.

आणि मूठ गुळगुळीत करू नको. घामट हाताक चकचकीत मूठ म्हणजे पायार कोयतो.

---

खाडीकाठ (हर्णै)

मासळीच्या सुरीबद्दल. इथे मूठ बिघडवतं ते खारं पाणी, आणि खिळे त्याला वाट देतात. लोखंडी खिळा गंजला की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून लाकूड फोडतो. लाकूड बदलून हे थांबणार नाही.

खिळ्याऐवजी ५ मिमीची ३१६ स्टेनलेसची सळई. ३०४ खाऱ्यात डाग धरते. फरक किलोमागे दिसतो, एका सुरीमागे दोन-तीन रुपयांचा. पितळ दिसायला छान, भाजीच्या सुरीला घाला. खाऱ्या पाण्यात मात्र पितळाला टेकलेलं साधं लोखंड जास्त जोरात गंजतं. स्टेनलेसलाही हा नियम थोडाफार लागू आहेच, म्हणून सळई आणि शेपूट यांच्यामध्ये इपॉक्सीचा थर हवा. भोक सळईपेक्षा पाव मिमी मोठं पाडा. कडेपासून भोकाचा मध्य १२ मिमीच्या आत आणू नका, नाहीतर चीर तिथूनच.

चिकटवताना काय चुकतं ते सांगतो, कारण "अरल्डाइट लावलं तरी सुटलं" ही तक्रार सगळीकडची. शेपूट आणि फाकीचं आतलं तोंड ८० नंबर पेपरने आडवंतिडवं खरवडा. गुळगुळीत लोखंडावर इपॉक्सी धरत नाही. मग अ‍ॅसिटोनने पुसा, नवीन कपडा, एकाच दिशेने. त्यानंतर बोट लावू नका. शेपटीला सळयांशिवाय ६-८ मिमीची तीन-चार भोकं जास्त पाडली तर इपॉक्सी आरपार जाऊन दोन्ही फाकी एकमेकींना धरतात, आणि सुरी मागे हलकीही होते. पाच मिनिटांत धरणारा प्रकार मुठीला नको, तो उष्णतेत आणि ओलीत लवकर मऊ पडतो. सावकाश धरणारा, २४ तासांचा घ्या. आकारमानाने एकास एक, काट्यावर करत असाल तर १०० ला ८० (हे नेहमीच्या अरल्डाइट स्टँडर्डचं, दुसरा घेतलात तर डब्यावरचं प्रमाण बघा). शिकंजा जेमतेम आवळा. करकचून आवळला की सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि आत कोरडा सांधा राहतो. पात्याकडच्या तोंडावर उतरलेलं इपॉक्सी ओलं असतानाच स्पिरिटने पुसा, आणि फाकींची ती पुढची कड चिकटवण्याआधीच पॉलिश करून ठेवा, नंतर तिथे पेपर पोचत नाही.

पावसात इपॉक्सीवर तेलकट चिकट पापुद्रा येतो. तो दमट हवेचा परिणाम. त्यावर दुसरा थर द्यायचा असेल तर आधी साध्या पाण्याने धुऊन, सुकवून, खरवडून. शेंबी म्हणतात त्या बल्बच्या पेटीतच धरू दिलं तर हा त्रास होत नाही.

आता मटेरिअल. मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांना लाकूड सोडा, कापडी हायलम द्या. पॅनेल बनवणाऱ्यांकडे आणि इलेक्ट्रिकल मालाच्या दुकानांत शीट मिळते, ८ किंवा १० मिमी. परदेशात ज्याला माइकार्टा म्हणून चढा भाव लावतात ती जवळपास हीच गोष्ट: कापडाचे थर आणि फिनॉलिक राळ. घेताना कडेकडून बघा. कापडाचे धागे दिसले पाहिजेत. कागदी हायलम स्वस्त असतं, पण ओल्याने कडेचे थर सुटतात आणि आपटल्यावर टवका उडतो. दुसरा पर्याय एफआर-४, म्हणजे काच आणि इपॉक्सी. पाण्याला अजिबात दाद देत नाही, पण त्याची धूळ काचेची. एन-९५ मास्क लावून, पाणी शिंपडत ओलंच घासा, आणि कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. हायलमची धूळही चांगली नाही, वास आला म्हणजे तापतंय, घासायचा पट्टा बदला.

हायलम १८० नंबर पेपरच्या पुढे नेऊ नका. चकाकी आली की मासळीच्या चरबीत हातातून सटकतं. १२०-१८० वर सोडलं तर ओल्या हाताला उलट जास्त धरतं.

निर्यातीच्या मासळी कारखान्यांना विकायचा विचार असेल तर लाकडी मूठ आत नेऊच देत नाहीत, पाणी न शोषणारी आणि धुता येणारी मूठ लागते. तिथे साच्यातल्या प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या इतक्या स्वस्त असतात की हाताने घडवलेल्या सुरीने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

---

शेंबी (सावंतवाडी)

सुरीबद्दल सहमत. पण हीच इपॉक्सीची पद्धत कोयत्याला लावायला माझा विरोध आहे.

कोयत्याची मूठ झिजणारच. पातं वीस वर्षं चालतं, मूठ त्यात तीनदा बदलते, आणि ती गिऱ्हाइकाला जवळच्या कुणाकडूनही बदलून घेता आली पाहिजे. म्हणून लाख किंवा राळ. लाख तीन भाग, बारीक चाळलेली विटेची पूड एक भाग. भोकात गरम ओतायची, शेपूट कोमट करून दाबायची, शेंबी आधीच चढवलेली. लाख साधारण ७० अंशांना मऊ होते, म्हणजे शेपटीकडून गरम केलं की मूठ ओढून निघते. उन्हात पत्र्यावर टाकलेला कोयता मात्र सैल होऊ शकतो, हा तिचा तोटा.

तापवलेली लाल शेपूट लाकडात जाळत घालायची पद्धत अजून दिसते. भोक झटपट बसतं, पण आत कोळशाचा थर राहतो, तो चुरतो आणि पाणी धरतो. शिवाय उष्णता पात्याकडे चढून खांद्याजवळचं पाणी उतरतं. भोक ड्रिलने पाडा, शेवटचे ५-६ मिमी आकार जुळवायला फक्त जाळा, पात्याला ओलं फडकं गुंडाळून. काजळी खरवडून काढा.

माप: कोयत्याची मूठ १४० मिमी, मधे ३४ × २७ मिमी अंडाकृती, शेवटी ६ मिमी फुगवटा, म्हणजे घाव घालताना हात मागे सरकला तरी अडतो. पूर्ण गोल नको, गोल मुठीत धारेची दिशा हाताला कळत नाही. सुरीला ११५-१२० मिमी, ३० × २१. शेंबीची आतली मापं लाकडापेक्षा अर्धा मिमी कमी ठेवून ठोकून बसवा, आणि इथे फाकींसारखं १३-१४ चालणार नाही, लाकूड त्या वेळी १२ टक्क्यांच्या वर नको. ओल्या लाकडावर घट्ट बसलेली शेंबी मार्चमध्ये हाताने फिरते.

---

पाटाघण (कुडाळ)

भरपूर मिळालं, आभार. हायलमचा तुकडा मागवतो. भावाचं मात्र कुणी बोललं नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या एका दुकानाने सुऱ्या ठेवतो म्हणून सांगितलंय, २५ टक्के त्याचे. आणि दोन गिऱ्हाइकं सांबरशिंगाची मूठ मागतायत, दुप्पट पैसे द्यायला तयार. फिनिशला काजूच्या टरफलाचं तेल चालेल का? होड्यांना लावतात म्हणून विचारतोय.

---

हिशेबी (चिपळूण)

मुठीचं सामान हा या धंद्यातला सगळ्यात लहान आकडा आहे, पण गिऱ्हाईक त्याच्याबद्दलच बोलतं म्हणून तो मोठा वाटतो. हिशेब मांडून बघा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

आधी तासाचा दर. महिन्याला घरी २५,००० न्यायचे आहेत. भाडं, वीज, कोळसा, ड्रिलचे दाते, प्रवास मिळून ६,०००. एकूण ३१,०००. महिन्यात २४ दिवस, पण आठ तासांपैकी मालावर हात चालतो तो पाच तास. बाकी फोन, सामान आणणं, झाडलोट. म्हणजे १२० तास. दर झाला २५८, आपण २६० धरू. बरेचजण आठ तासांनी भागतात आणि मग वर्षअखेर पैसा कुठे गेला ते कळत नाही.

मासळीची सुरी. पातं: लोखंड ४०, घडण-पाणी-घासकाम २ तास म्हणजे ५२०, पट्टे-पेपर ८०. बेरीज ६४०. हे तिन्ही मुठींना सारखंच.

चिंचेची मूठ: लाकूड ४०, सळई २५, इपॉक्सी २०, बसवून आकार द्यायला सव्वा तास ३२५, तेलाचे तीन हात मिळून पाव तास ६५. एकूण ४७५.

हायलमची: शीट ११०, सळई २५, इपॉक्सी २०, वेळ ८५ मिनिटं म्हणजे ३६८, पट्टे जास्त खातं त्याचे ३०. तेल नाही. एकूण ५५३.

शिसवाची: लाकूड १५०, बाकी चिंचेसारखंच. ५८५.

म्हणजे सुरी १११५, ११९३ आणि १२२५. वर १० टक्के राखीव: पाणी देताना चिरलेलं पातं, परत आलेली मूठ, फुकट दुरुस्ती यासाठी. मग १२२७, १३१२, १३४८. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत फरक १२१ रुपयांचा! शिसव म्हणून दुप्पट लावाल तर पहिल्यांदा खपेल, पण दोन सुऱ्या शेजारी ठेवून बघणारं गिऱ्हाईक हुशार असतं. दीडशे-दोनशे जास्त लावा, बास. तुमचे ७०० म्हणजे तासाचा दर कुठे जातो ते तुम्हीच काढा.

मासळीवाल्या बायका १३०० देतील का? बहुतेक नाही. पण भाव उतरवायचा रस्ता मूठ स्वस्त करण्यात नाही, वेळ कमी करण्यात आहे. एकाच मापाच्या दहा सुऱ्या लावा, एकच पत्र्याचा नमुना, भोकांना एकच जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा), दहा जोड्या फाकी एकदम कापून. मुठीचा वेळ ८५ वरून ४५ मिनिटांवर येतो. पात्याचाही उतरतो, पण कमी.

कोयत्याचं उदाहरण म्हणजे याचंच. एकेक केला तर: लोखंड ५०, पात्याला दीड तास ३९०, लाकूड-शेंबी-लाख ६०, मूठ ४० मिनिटं १७३, पट्टे-पेपर ६०. बेरीज ७३३, राखीव धरून ८०६. दहा एकदम केले तर पातं ५० मिनिटं (२१७), मूठ २० मिनिटं (८७), बाकी तेच: ४७४, राखीव धरून ५२१. तरीही तुमचे ४५० त्याखालीच आहेत.

दुकानाचे २५ टक्के विक्रीच्या किमतीवर असतात. तुम्हाला १२२७ सुटायला हवे तर १.२५ ने गुणू नका (१५३४ येतात), ०.७५ ने भागा: १६३६. फरक १०२ रुपये प्रत्येक सुरीमागे, आणि त्यातले ७७ तुमच्या खिशातून जातात. घरी येणाऱ्या गिऱ्हाइकालाही दुकानातलाच किंवा थोडासाच कमी भाव सांगा. तेराशेला घरी आणि सोळाशेला दुकानात हे महिन्याभरात दुकानदाराला कळतं.

जुन्या कोयत्याला नवी मूठ: सामान ६०, वेळ ३५ मिनिटं १५२, म्हणजे २२०-२५०. पण शेपूट बघितल्याशिवाय भाव बोलू नका. मुठीच्या आत शेपूट गंजून काडीएवढी उरलेली असेल तर नवी शेपूट डाग देऊन जोडावी लागते, काम तिप्पट होतं आणि ती जोडाची सुरी-कोयता कधी तुटेल सांगता येत नाही.

जीएसटी: कोयता-विळा ही शेतीची हातअवजारं ८२०१ या कराच्या कोडखाली येतात, त्यांवर कर नाही. सुरी ८२११ मध्ये, तिच्यावर आहे. राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल ४० लाखांखाली असेल तर नोंदणीची गरज नाही. राज्याबाहेर पाठवणार असाल तर सीएला विचारा.

लोहारांना पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३ पासून) १५,००० पर्यंत अवजारांचं व्हाउचर आहे. त्यातून बेल्ट ग्राइंडरला हातभार लावा, मुठीचा वेळ तिथेच वाचतो.

---

आंबोलीकर

सांबरशिंग: नाही म्हणून सांगा, दुप्पट काय दहापट दिले तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सांबर, चितळ यांची शिंगं विकणं, विकायला बाळगणं गुन्हा आहे. "जंगलात गळून पडलेलं मिळालं" ही सबब चालत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचं शिंग आणून दिलं तरी घेऊ नका.

म्हशीचं शिंग हा कायदेशीर पर्याय, काळं आणि झिलई छान येते. पण ओल-कोरड्याने लाकडापेक्षा जास्त हलतं, थर सुटतात, आणि कपाटात पडून राहिलं तर किडे खातात. वर्षभर सुकलेलं, फाक ५ मिमीपेक्षा पातळ नको, फक्त भाजीच्या सुरीला. खारं पाणी नको. घासताना वास असह्य असतो, शेजाऱ्यांचा विचार करा. शिसव परदेशी पाठवायचा विचार असेल तर लक्षात घ्या की २०१७ पासून ती जात साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. कुरिअरला देण्याआधी कागद काय लागतात ते विचारून घ्या.

काजूच्या टरफलाचं तेल मुठीला नको. होडीच्या फळीला कुणी तासन्‌तास धरून बसत नाही. कच्च्या तेलाने हाताला फोड येतात, बिब्ब्यासारखेच. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेलही नको, ती सुकतच नाहीत, चिकट राहून धूळ धरतात आणि खवट होतात. जवसाचं तेल घ्या, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं. पहिला हात टर्पेंटाइन निम्मं मिसळून, पुढचे दोन नुसते. प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटांनी उरलेलं कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि मधे एक-दोन दिवस जाऊ द्या, पावसात चार. पुसलं नाही तर वर चिकट साय राहते, ती महिनाभर सुकत नाही. डब्यातल्या या तेलात धातूचे ड्रायर असतात, त्यामुळे ते मुठीलाच. पात्याला लावायला दुसरं खायचं तेल ठेवा. शेवटी हवं तर मधमाशीचं मेण, एक भाग मेण चार भाग तेल, गरम करून.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवस सुकताना उष्णता सुटते आणि ढिगातलं फडकं आपोआप पेटतं. पाण्याच्या बादलीत टाका किंवा दोरीवर पसरून वाळवा. लोहारशाळेत भुसा आणि कोळसा दोन्ही असतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि दुकानात ठेवताना कोयत्याच्या चिठ्ठीवर "शेतीचं अवजार" लिहा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्र धरलेली आहे. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहे. कोयता शेतीचाच, पण शहाणपणा म्हणून त्याला "हंटर", "वॉरिअर" असली नावं देऊन फोटो टाकू नका.

---

पाटाघण (कुडाळ)

समजलं. कोयत्याला पेरू आणि लाख, मासळीला कापडी हायलम आणि ३१६, भाजीला फणस. कोयता दहाच्या खेपेने. शेवटचं एक: विकण्याआधी सांधा टिकतो का हे कसं तपासायचं? पुढचा पावसाळा येईपर्यंत थांबता येणार नाही.

---

खाडीकाठ (हर्णै)

प्रत्येक नव्या मटेरिअलची एक सुरी बळी द्या. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राएवढं खारं. मूठ रात्रभर बुडवा, दिवसभर कडक उन्हात, असं सात वेळा. सुरुवातीला आणि रोज संध्याकाळी व्हर्नियरने तीन जागी रुंदी मोजून लिहा: शेंबीजवळ किंवा पुढची कड, मध्य, शेवट. लाकडात दर फेरीला पाव-अर्धा मिमी येऊन परत गेलं तर हरकत नाही. उन्हात सुकल्यावरही मूळ मापावर येत नसेल, किंवा फाक आणि लोखंडामध्ये ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) शिरत असेल, तर सांधा गेला. मग फाक छिन्नीने उपटून आत बघा. लाकडाचे तंतू लोखंडाला चिकटून निघाले तर इपॉक्सी बरोबर होतं आणि लाकूड चुकलं. लोखंड आरशासारखं स्वच्छ निघालं तर खरवडण्यात किंवा पुसण्यात कसूर आहे.

कोयत्याला या फेऱ्यांनंतर सुक्या नारळाच्या सोडणावर पन्नास घाव घालून शेंबी फिरते का बघा.